झिनिया पेरताना आणि वाढवताना नेमकं कुठे चुकतं

झिनिया सोपं फूलझाड आहे, असं जो तो सांगतो. तिथेच घोटाळा होतो. सोपं म्हटलं की बी मूठभर घेऊन विखुरलं जातं, रोपं दाटीतच वाढू दिली जातात आणि संध्याकाळी वरून पाइपने पाणी मारलं जातं. दोन महिन्यांनी समोर उभी असते एक उंच काडी, टोकाला एकुलतं फूल आणि खाली पीठ शिंपडल्यासारखी पांढरी पानं. मग दोष बियांवर जातो.

बी बहुतेक वेळा चांगलंच असतं, बिनसतो तो कामांचा क्रम. झाडावर किती फुलं येणार हे पेरल्यापासून पहिल्या पाच-सहा आठवड्यांतच ठरून जातं. जागा, माती, अंतर आणि शेंडा खुडणं ही चार कामं तेवढ्यात उरकली पाहिजेत. नंतर कितीही खत घातलं तरी चुकलेलं अंतर भरून निघत नाही. म्हणून हा लेख पेरणीआधीच्या कामांवर आणि सुरुवातीच्या आठवड्यांवर जास्त रेंगाळणार आहे.

१. जागा आधी नक्की करा

झिनियाला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं, आठ तास मिळालं तर फारच छान. झाडाखालची कवडशांची सावली किंवा 'उजेड भरपूर आहे' असा कोपरा चालत नाही. कमी उन्हात रोप मरत नाही, पण ते उंच, लुकडं होतं, फुलं थोडी येतात आणि पानं ओली राहून रोग लवकर शिरतो.

तपासणी: सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळच्या आधी असं तीन वेळा त्या जागी जाऊन सावली कुठवर येते ते खडूने किंवा काडीने खूण करून पाहा. डोळ्यांचा अंदाज उन्हाच्या बाबतीत नेहमी उदार असतो.

उन्हाइतकीच मोकळी हवा महत्त्वाची. भिंतीला टेकलेला वाफा किंवा दाट कुंपणाचा आडोसा बघायला छान वाटतो, पण तिथे हवा कोंडते आणि भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पसरणारी पांढरी बुरशी, पहिल्यांदा तिथेच दिसते. भिंतीपासून हात-दीड हात जागा सोडून वाफा करा.

२. पाकिटावरचं चित्र पाहू नका, उंची वाचा

झिनियाच्या जातींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि पुढचं प्रत्येक माप त्यावर ठरतं. ढोबळमानाने तीन गट धरा.

उंच जाती, उदाहरणार्थ बेनरीज जायंट, ९० सेंटिमीटरच्या वर जातात, लांब दांड्यावर तळहाताएवढी फुलं देतात. फुलदाणीसाठी याच घ्याव्यात. बुटक्या जाती, जसं ड्रीमलँड किंवा थम्बेलिना, साधारण एक फुटाच्या आतच थांबतात. त्या कुंडीला आणि वाफ्याच्या कडेला शोभतात. तिसरा गट प्रोफ्यूजन आणि झाहारा यांच्यासारख्या संकरित जातींचा. फुलं लहान असतात, पण झाड पसरट वाढतं, भुरी आणि पानांवरच्या ठिपक्यांना बरीच दाद देत नाही आणि सुकलेली फुलं खुडली नाहीत तरी फुलत राहतं. दमट हवेत पहिल्यांदाच झिनिया लावत असाल तर या गटापासून सुरुवात करा, असं मी सुचवेन. चित्रात सगळ्यात देखणी दिसणारी उंच, दुहेरी पाकळ्यांची जातच दमट हवेत सगळ्यात आधी कुरकुरते.

कुंडीत लावायचं तर बुटक्या जातीला २० ते २५ सेंटिमीटर खोली पुरते. उंच जातीला ३० सेंटिमीटर खोल कुंडी लागते आणि त्या कुंडीत एकच रोप ठेवायचं. तीन लावण्याचा मोह होतोच, तो आवरा.

३. माती: भुसभुशीत हवी, फार श्रीमंत नको

वरची १५ ते २० सेंटिमीटर माती खणून मोकळी करा. ढेकळं फोडा, जुन्या मुळ्या आणि हरळी वेचून काढा. त्यावर दोन-तीन बोटं जाडीचा चांगला कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा थर देऊन मातीत मिसळा. खत कुजलेलं आहे की नाही हे नाकाला कळतं. मातीचा वास आला तर ते तयार आहे. शेणाचा किंवा आंबूस वास आला तर अजून थांबायला हवं.

आणखी खत घालू नका. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार, मऊ आणि पानाळ होतं, कळ्या मात्र उशिरा आणि कमी येतात. 'झाड किती छान वाढलंय, पण फूलच नाही' ही तक्रार ऐकली की मी आधी खताचा हिशेब विचारतो.

निचऱ्याची परीक्षा अशी घ्या: फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी चार-पाच तासांनंतरही तळाशी साचलेलं दिसलं, तर त्या जागी थेट पेरू नका. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा आणि मातीत कंपोस्ट वाढवा. नुसती वाळू ओतून चिकणमाती सुधारत नाही, उलट ती विटेसारखी घट्ट होऊ शकते.

४. पेरणी: जिथे वाढवायचं, तिथेच

झिनियाच्या मुळांना हलवलेलं खपत नाही. शक्यतो बी थेट कायमच्या जागी पेरा. ट्रेमध्ये वाढवून लावलेलं रोप बरेचदा आठवडाभर रुसून बसतं आणि तेवढ्यात शेजारी थेट पेरलेलं बी त्याला गाठतं.

कधी पेरायचं? दंव पडण्याचा धोका टळला आणि माती २० अंशांच्या वर गेली की. २१ ते २७ अंश तापमानात बी साधारण चार ते सात दिवसांत उगवतं. गार, ओल्या मातीत ते तसंच पडून राहतं आणि कुजतं. महिनाभर आधी घाई करून पेरलेलं बी काही महिनाभर आधी फुलत नाही. मुसळधार पाऊस तोंडावर असेल तरीही थांबा, कोवळी रोपं माती उडून झोपतात.

बी जुनं असेल तर आधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून, डब्यात झाकून, उबदार जागी ठेवा. आठवड्याने मोजा. सात-आठ उगवल्या तर निर्धास्त पेरा, चार-पाच उगवल्या तर दुप्पट दाट पेरा, त्याहून कमी असतील तर नवं बी आणा.

पेरण्याचा क्रम असा ठेवा:

आदल्या दिवशी वाफा भरपूर भिजवा आणि वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने ढकलला तर सुटावा, इतपत ओल हवी. मग अर्धा सेंटिमीटर खोल रेघ ओढा, फार तर पाऊण. उंच जातीसाठी दर २५ ते ३० सेंटिमीटरवर आणि बुटक्या जातीसाठी दर १५ ते २० सेंटिमीटरवर दोन-तीन बिया टाका. बारीक माती किंवा चाळलेलं कंपोस्ट वर भुरभुरून हलकेच दाबा. शेवटी बारीक छिद्रांच्या झारीने पाणी द्या.

पेरून झाल्यावर पाणी दिलं तर चालतं, मग आदल्या दिवशी कशाला, असा प्रश्न येतो. कोरड्या मातीत पेरून वरून जोरात पाणी दिलं की बिया वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात. उगवल्यावर वाफ्याच्या एका टोकाला जंगल आणि दुसऱ्या टोकाला वाळवंट दिसलं, तर कारण हेच.

सावधान: उगवेपर्यंत वरची माती सुकू देऊ नका, पण चिखलही नको. उगवल्यानंतर मात्र सकाळीच पाणी द्या. सतत ओल्या मातीत कोवळी रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. त्याला मर म्हणतात आणि कोलमडलेलं रोप परत उभं राहत नाही.

ट्रेमध्येच वाढवायचं असेल तर प्रत्येक बी वेगळ्या कप्प्यात किंवा कागदी कपात पेरा आणि तीन ते चार आठवड्यांत, पानांच्या दोन-तीन जोड्या असतानाच, मातीच्या गोळ्यासकट बाहेर लावा. लावण्याआधी पाच-सहा दिवस रोज थोडा जास्त वेळ उन्हात ठेवून सवय करा. विकत आणताना फुललेलं रोप उचलायचा मोह प्रत्येकाला होतो. पण छोट्या कप्प्यात फुललेलं रोप म्हणजे मुळांना जागा संपलेलं रोप. दोन रोपांत निवडायचं झालं तर बिनफुलाचं, बुटकं, जाड देठाचं घ्या.

५. विरळणी: इथे हात कापतो, पण कापायलाच हवं

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात आणि समजूनउमजून चुकतात.

पहिल्या वर्षी मी एका वाफ्यात अख्खं पाकीट रिकामं केलं होतं. सगळं उगवलं. इतकी तरारलेली रोपं उपटायची कशी, म्हणून एकही काढलं नाही. चाळीसेक रोपं उन्हासाठी एकमेकांना ढकलत सरळ वर गेली, एकालाही फांदी फुटली नाही आणि पहिली फुलं उमलायच्या आतच खालची पानं भुरीने पांढरी झाली. पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात दहा रोपं ठेवली. फुलं मोजायची वेळ आली तेव्हा मोजणं सोडून दिलं.

रोपांना खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की विरळणी करा. पहिली गुळगुळीत, गोलसर जोडी ही बीजपत्रं, ती धरायची नाहीत. प्रत्येक ठिकाणचं सगळ्यात धट्टंकट्टं रोप ठेवा. सगळ्यात उंच नव्हे. बाकीची उपटू नका, मातीलगत कात्रीने कापा. उपटताना शेजारच्या रोपाचीही मुळं हलतात.

शेवटचं अंतर: उंच जातींना २५ ते ३० सेंटिमीटर, बुटक्यांना १५ ते २० सेंटिमीटर, पसरट संकरितांना २५ ते ३०. त्या दिवशी वाफा भकास दिसेल. तीन आठवड्यांनी पाहा.

याच वेळी उंच जातींच्या आधाराची सोय करून टाका. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून जमिनीपासून ४० ते ५० सेंटिमीटरवर मोठ्या डोळ्यांची जाळी आडवी ताणा, रोपं तिच्यातून वर येतील. वादळ येऊन गेल्यावर बांधलेली झाडं वाकडीच राहतात. झिनियाचा दांडा पोकळ असतो, वाकला की मोडतो.

६. शेंडा खुडणे: पहिल्या फुलाचा मोह सोडा

रोप २० ते ३० सेंटिमीटर उंच झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की मधला शेंडा कापायचा. खालून तिसऱ्या जोडीच्या किंचित वर, स्वच्छ कात्रीने. झिनियाची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा दबा धरून असतो. शेंडा असेपर्यंत तो डोळा झोपलेला राहतो. शेंडा गेला की प्रत्येक जोडीतून दोन फांद्या फुटतात.

यामुळे पहिलं फूल एक-दोन आठवडे उशिरा येतं, एवढीच किंमत. साधारणपणे पेरल्यापासून ६० ते ७० दिवसांत फूल दिसतं, शेंडा खुडल्यावर त्यात ते दिवस मिळवा. घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर 'कळी येत होती ती तोडली' म्हणून बोलणी खावी लागतात.

बुटक्या आणि पसरट जातींना हे लागत नाही, त्या आपोआप फुटतात.

वेळ चुकली आणि मध्यभागी कळी दिसू लागली तरी कापा. ती कळी ठेवली तर झाड सगळा जोर तिच्यावर लावतं.

तपासणी: खुडल्यानंतर दहा दिवसांनी पानांच्या बगलांमध्ये हिरवे कोंब दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर ऊन कमी पडतंय किंवा मुळं पाण्यात आहेत.

७. पाणी आणि वरखत

आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पावसाइतकं पाणी पुरतं. कुंडीला अर्थातच जास्त वेळा लागतं. बोट मातीत पहिल्या पेरापर्यंत घाला. कोरडं लागलं तर द्या, ओल लागली तर उद्या पाहा. रोज थोडंथोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर भिजवलेलं बरं, मुळं खाली जातात.

भर दुपारी पानं मान टाकतात. लगेच झारी उचलू नका. संध्याकाळी ती आपोआप उभी राहिली तर पाणी पुरेसं आहे. सकाळीही लोंबलेली असतील तरच काळजी करा, आणि तेव्हाही आधी बोट घालून पाहा, कारण मुळं कुजली तरी पानं तशीच लोंबतात.

वाफ्यात शेणखत घातलं असेल तर वरखताची फारशी गरज नाही. कळ्या धरताना मूठभर कंपोस्ट बुंध्याभोवती, दांड्याला न चिकटवता, पसरा. कुंडीला मात्र तीन आठवड्यांतून एकदा पातळ द्रवखत द्या, कारण पाण्याबरोबर खत वाहून जातं.

८. भुरी आणि ठिपके हे दोन वेगळे रोग आहेत

पांढरं दिसलं की 'पाणी जास्त झालं' असं निदान सरसकट होतं. ते अर्धवट खरं आहे आणि त्यामुळे उपाय चुकतो.

भुरी ही बुरशी पानावर पिठासारखी पसरते. तिला पानावर पाण्याचा थेंब लागतच नाही. दमट कोंडलेली हवा, उबदार दिवस, गार रात्री आणि दाटी एवढं तिला पुरतं. म्हणजे पानं कोरडी ठेवूनही, रोपं खेटून असतील तर भुरी येणारच. तिच्यावर खरा उपाय तुम्ही विरळणीच्या दिवशी केलेला असतो किंवा नसतो.

ठिपक्यांचं उलट आहे. तांबूस-तपकिरी, मध्ये राखाडी पडणारे डाग बुरशीचे. पिवळसर कड असलेले कोनाकृती डाग जिवाणूंचे. हे दोन्ही पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर एका पानावरून दुसऱ्या पानावर उडतात आणि बियांमधूनही येतात. इथे मात्र वरून मारलेलं पाणीच गुन्हेगार असतं. पाणी बुंध्याशी द्या, सकाळी द्या आणि मातीवर वाळलेल्या गवताचं आच्छादन टाका, म्हणजे माती पानांवर उडणार नाही.

भुरी दिसताच खालची बाधित पानं काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नव्हे. दोन झाडांमध्ये एखादी फांदी कापून वाट मोकळी करा. फवारणी करायचीच तर सुरुवातीलाच करा. पाण्यात मिसळणारं गंधक लेबलवरच्या मात्रेत वापरता येतं, पण तापमान ३० अंशांच्या वर असताना ते पानं भाजतं आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे ते मारायचं नाही. अर्धं पान पांढरं झाल्यावर कोणतीही फवारणी ते परत हिरवं करत नाही. फक्त नवीन पानं वाचतात.

ओल्या पानांमध्ये काम करू नका. पाऊस थांबल्या थांबल्या वाफ्यात शिरून फुलं खुडणं म्हणजे स्वतःच्या हातांनी रोग वाटणं.

किडींपैकी मावा आणि पांढरी माशी शेंड्यांवर येतात. पाण्याच्या जोरदार धारेने सकाळीच पाडा, म्हणजे पानं लगेच सुकतील. कोरड्या कडक उन्हाळ्यात पानं फिकट ठिपकेदार होऊन खाली बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी, पानांची खालची बाजू धुवा. कोवळी रोपं रात्रीतून गायब होत असतील तर टॉर्च घेऊन गोगलगायी शोधा. कीटकनाशक उघड्या फुलांवर मारू नका, मधमाश्या आणि फुलपाखरं दिवसभर तिथेच असतात.

९. फूल कापणं हेच झाडाचं काम चालू ठेवणं

झिनिया कापली की वाढते. झाडावरच फूल सुकू दिलं तर बी धरायला सुरुवात होते आणि नव्या कळ्या मंदावतात. तरी लोक जपतात. जपलेलं झाड लवकर थकतं.

कापण्याआधी दांडा हलवून पाहा. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर दांडा दोन बोटांत धरून हळूच हलवा. मान डुलली तर फूल अजून कच्चं आहे, पाण्यात ठेवल्यावर तासाभरात मान टाकेल. दांडा काठीसारखा ताठ राहिला तर कापा. झिनिया कापल्यानंतर आणखी उमलत नाही, म्हणून पूर्ण उमललेलंच घ्यायचं.

कापायचं कुठे? पानांच्या जोडीच्या लगेच वर, आणि वाटतं त्याहून खोल. वरचं फक्त बोंडूक खुडलं तर पुढची फुलं आखूड, वाकड्या दांड्यांवर येतात. दांडा लांब घेतला तर खालच्या जोडीतून पुन्हा लांब दांडे निघतात. सुकलेलं फूल काढतानाही हाच नियम.

सकाळी, दव उडाल्यावर, थेट पाण्याच्या बादलीत कापत जा. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा. झिनियाचं पाणी फार लवकर गढूळ होतं, म्हणून ते रोज बदला आणि दांड्याचं टोक दर दोन दिवसांनी किंचित कापा. आठवडाभर फुलं सहज टिकतात. कापलेली फुलं फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने पाकळ्या डागाळतात.

एकाच पेरणीतली झाडं अखेर थकतातच. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं बी, असं तीन वेळा पेरा. पहिली झाडं भुरीला शरण जाताना तिसरी फुलायला लागलेली असतात.

१०. पुढच्या हंगामाचं बी

बी धरायचं झाड आधीच निवडा आणि दोरा बांधून खूण करा. सुंदर फुलासोबत स्वच्छ पानं असलेलंच झाड घ्या, कारण ठिपक्यांचा रोग बियांतून पुढे जातो. संकरित, म्हणजे पाकिटावर 'एफ १' लिहिलेल्या जातीचं बी ठेवलं तर पुढची रोपं आईसारखी निघत नाहीत. शेजारी दुसऱ्या रंगाची झिनिया असेल तर मधमाश्या त्यांचे परागही मिसळतात, तेव्हा रंगांची खात्री देता येत नाही. गंमत म्हणून पेरायला हरकत नाही.

फूल झाडावरच पूर्ण तपकिरी होऊ द्या. खालचा दांडाही सुकला पाहिजे. मग कोरड्या दिवशी तोडून आठवडाभर सावलीत वाळवा आणि हाताने चुरा. पाकळीच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखं दिसणारं टणक, राखट-तपकिरी बी मिळेल. बोटांत दाबल्यावर पिचणारी, पापुद्र्यासारखी हलकी बी पोकळ असते, ती फेका. खूप जण सुकलेल्या पाकळ्यांचाच ढीग बी समजून पेरतात आणि मग उगवत नाही म्हणतात.

कागदी पाकिटात घाला, प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल राहिली असेल तर बुरशी येते. कोरड्या, गार जागी ते तीन-चार वर्षं चांगलं राहतं. पाकिटावर जात, रंग आणि वर्ष त्याच वेळी लिहा. सगळ्या झिनियांचं बी एकसारखंच दिसतं.